पक्कडमामाची सैल मूठ

माझ्या मामाने लावलेलं झाकण मामाशिवाय कोणाला उघडायचं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, घरातली जुनी तक्रार म्हणून सांगते आहे. सकाळी घाईघाईत तो साखरेची बरणी लावून कामावर गेला, की मामीला दिवसभर बिनसाखरेचा चहा. औषधाच्या बाटलीचं तेच. एकदा मामीला खोकला झाला होता आणि मामा परगावी कामाला गेला होता. तो परत येईस्तोवर खोकला आपला आपणच बरा झाला आणि बाटलीचं झाकण तसंच राहिलं.

मामा प्लंबर. उभं आयुष्य त्याने नळ, पाइप आणि मोऱ्यांत घालवलं. गंजून बसलेला नट जिथे दुसरा माणूस तेल घालून, ठोकून, देवाचं नाव घेऊन सोडवायचा, तिथे मामा नुसत्या हाताने तो फिरवायचा. म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्याचं नाव पक्कड ठेवलं आणि आम्हा भाचरांचा तो पक्कडमामा झाला. माझ्या नवऱ्याने लग्नाआधी पहिल्या भेटीत त्याच्याशी हात मिळवला आणि पुढचे दोन दिवस डाव्या हाताने जेवला. तेव्हापासून तो मामाला लांबूनच मान हलवून भेटतो.

मामाने बसवलेला नळ कधी गळायचा नाही. उघडायचाही नाही, ही त्यातली गोम. तो नळ इतका घट्ट बंद करायचा की आतला वॉशर महिन्याभरात चेंदामेंदा होई. मग लोक त्यालाच पुन्हा बोलवत आणि तो म्हणे, हल्ली वॉशरचा माल चांगला येत नाही.

मी एका शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. माणूस व्यायाम करताना स्नायू कसे दमतात आणि दमल्यावर पुन्हा ताजे कसे होतात, हे मोजणं हा माझा धंदा. आमच्या शेजारी एक जुनं गोदाम होतं, त्याचं आता भिंत चढण्याचं सभागृह झालं आहे. आत छतापर्यंत प्लायवूडच्या भिंती, त्यांवर रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेल्या, कमरेला दोर बांधून माणसं वर जातात. या चढणाऱ्या माणसांचे हात हा आमचा त्या वर्षीचा विषय होता. लोकांना वाटतं, बोटांत ताकद असते. बोटांत खरं तर हाडं, दोरे आणि कातडी एवढंच. बोटं मिटणारे मोठे स्नायू बसलेले असतात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये. पायाला पोटरी असते ना, तशी ही हाताची पोटरी. तिथून लांब दोरे निघतात, मनगटातून जातात आणि बोटांच्या पेरांना जाऊन बांधलेले असतात. वर कोणी दोरा ओढला की खाली बाहुलीचा हात हलतो, तसं.

तर झालं असं, की एका दुपारी मामाच्या या दोऱ्यांनी दगा दिला. एका नव्या घरात तो बेसिनच्या वरचा पाइप आवळत होता आणि पाना त्याच्या हातातून सुटला. सरळ बेसिनमध्ये पडला आणि बेसिनची दोन शकलं झाली. घरमालक भला माणूस, त्याने भरपाई मागितली नाही. पण मामा घरी आला तो गप्प. जेवणावर बसला तरी गप्प. शेवटी मामीने विचारलं तेव्हा म्हणाला, पान्याला तेल लागलं होतं. मामीने पाना आणून पाहिला. कोरडा ठणठणीत. ती तो जागेवर ठेवून आली आणि दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. ह्यांचा उजवा कोपर दुखतो आहे, म्हणाली. भांडं उचलताना तोंड वाकडं करतात आणि मी पाहिलं की हसतात.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं, मामा खुर्चीतून अर्धा उठला आणि निदान झालं. कोपराजवळ जिथे स्नायूंचे दोरे हाडाला चिकटतात तिथे वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने दुखापत झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जरा विश्रांती घ्या, मग हलका व्यायाम सुरू करू. विश्रांती हा शब्द मामाने असा ऐकला, जशी त्याच्या आईवरून कोणी शिवी दिली असावी.

मी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. सरळ बोलावलं असतं तर आला नसता, म्हणून आमचा नळ गळतो असं सांगितलं. तो खरंच गळत होता. मामाने तो डाव्या हाताने दुरुस्त केला आणि हात पुसता पुसता त्याचं लक्ष टेबलावरच्या यंत्राकडे गेलं. मूठ आवळायचा दांडा आणि शेजारी पडदा. हे काय, त्याने विचारलं. मूठ किती जोरात आवळता येते ते मोजतं, मी म्हणाले, पण तुला डॉक्टरांनी मनाई केली आहे. डाव्या हाताला नाही केली, असं म्हणून तो खुर्ची ओढून बसलासुद्धा.

मामाने डावी मूठ आवळली. पडद्यावरचा आकडा चढला, चढला, आणि त्या वर्षी आम्ही तपासलेल्या सगळ्या चढाईवाल्यांच्या वर जाऊन थांबला. त्याचा हा डावा हात, हे विसरू नका. बाहेर तपासणीसाठी बसलेली तीन-चार तरणी पोरं उठून बघायला आली. मामाच्या चेहऱ्यावर बेसिन फुटल्यापासून पहिल्यांदा तकाकी आली. पाच मिनिटं त्याने त्यांना नट आणि गंज या विषयावर ऐकवलं.

मग दुसरी चाचणी. हिच्यात सगळा जोर लावायचा नसतो. पडद्यावर एक रेघ असते, मूठ फक्त त्या रेघेपर्यंत आवळायची, ठोका वाजला की सोडायची, पुन्हा ठोका वाजला की आवळायची. असं जमेल तेवढा वेळ. कोपराखाली आम्ही एक पट्टी बांधतो. तिच्यातला लाल उजेड कातडीखाली शिरतो आणि तिथल्या रक्तात प्राणवायू किती उरला आहे ते सांगतो. मूठ आवळली की पडद्यावरची ही रेषा खाली येते, सोडली की वर जाते.

मामाची रेषा खाली आली आणि खालीच राहिली. कारण उघड होतं. रेघेपर्यंत आवळायचं, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तो दर वेळी पडद्याच्या बाहेर जाईल इतकं आवळत होता आणि सोडायच्या वेळी अर्धवटच सोडत होता. थोड्याच वेळात त्याचा चेहरा लाल झाला, हाताची पोटरी दगडासारखी टणक झाली, आणि बोटांनी काम बंद केलं. ज्या पोरांनी नटाची कथा ऐकली होती ती आता छताकडे बघत होती.

"मामा," मी म्हटलं, "रबरी नळीवर पाय देऊन उभा राहतोस आणि वर विचारतोस, पाणी का येत नाही. स्नायू इतका आवळला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्याच दबतात. नवं रक्त येणार कुठून? मध्ये सोडतोस तेव्हाच ते येतं, आणि तू सोडतच नाहीस."

नळीचं त्याला लगेच पटलं. स्वतःचं पटलं नाही. तो म्हणाला, यंत्र बिघडलं आहे.

नेमकी त्याच वेळी पुढची पाळी होती पालबाईंची. या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना लोकांनी बागकाम सुचवलं, भजन सुचवलं, नातवंडं सांभाळायचं सुचवलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेजारच्या सभागृहात जाऊन भिंत चढायला लागल्या. काडीसारख्या हातापायांनी त्या भिंतीला अशा चिकटतात की तिथल्या मुलांनी त्यांना पालबाई म्हणायला सुरुवात केली. बाईंना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी पाण्याच्या बाटलीवर पालीचं चित्र चिकटवलं.

बाईंचा जोर मामाच्या निम्म्याहून जेमतेम जास्त भरला. मामाने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मग ठोक्याची चाचणी सुरू झाली आणि ती संपेचना. मूठ आवळली की बाईंची रेषा खाली, सोडली की टुणकन वर, जशी काही पाण्यातली बाटली. मी चहा मागवला, चहा आला, प्याले, तरी बाई आपल्या आवळत-सोडत होत्याच. दोघांचा जोर एकाच काट्यावर तोललेला नव्हता, हे मी मामाला समजावून सांगितलं. ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या हिशेबाने प्रत्येकाची रेघ वेगळी असते. पण ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे काय बोलणार. तो पुन्हा म्हणाला, यंत्र बिघडलं आहे.

"भिंत काही बिघडलेली नाही," पालबाई हात पुसत म्हणाल्या. "उद्या या."

मी नको म्हटलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, मामीचं नाव घेतलं. अर्थातच तो गेला.

त्याला पट्टा बांधला, दोर अडकवला. दोर छताखालच्या कडीतून ओवलेला, त्याचं दुसरं टोक खाली पालबाईंच्या कमरेला. चढणारा सुटला की खालच्याने दोर धरून ठेवायचा, अशी पद्धत. मामाने पहिली खुंटी धरली आणि स्वतःला असं वर ओढलं की भिंत करकरली. दुसरी, तिसरी. पायांचा उपयोग करायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं, पाय आपले मागून लोंबकळत येत होते. अर्ध्यापर्यंत तो सगळ्या मुलांपेक्षा वेगाने गेला. मग एकाएकी थांबला. खालून मला त्याच्या बोटांची पेरं पांढरीफटक पडलेली दिसत होती. हात भरून आले होते. त्याने पुढच्या खुंटीकडे बघितलं, हाताला हुकूम केला, हाताने ऐकलं नाही. आणि नळाचा दट्ट्या सुटावा तसा तो सुटला.

मामाचं वजन आणि पालबाईंचं वजन यांचा विचार कोणीच केला नव्हता. गणिताच्या बाईंनीसुद्धा नाही. मामा खाली आला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बाई संथपणे वर गेल्या. अर्ध्या वाटेवर दोघं समोरासमोर लटकत थांबले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, "इथे निवांत बोलता येईल. तुम्ही भिंत धरत नव्हता, पिळत होता. ती ओली आहे का?"

मामा खाली उतरला तेव्हा त्याला बुटाची नाडी सोडता येईना. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. त्या संध्याकाळी त्याच्या घरातली साखरेची बरणी लग्नानंतर पहिल्यांदा सैल लागली. मामीने मला फोन करून चौकशी केली, ही भिंत रोज उघडी असते का.

पण कोपर चांगलाच ठणकला आणि डॉक्टर रागावले ते वेगळंच. त्यांनी कामाला आणि भिंतीला दोन्हींना बंदी घातली आणि हलक्या वजनाचा व्यायाम लावून दिला. वजन हळूहळू खाली सोडायचं, एवढाच. उचलण्यावर भर नाही, सोडण्यावर. मामाला हे थट्टेसारखं वाटलं. वजन सोडायला काय लागतं, असं त्याने विचारलं, आणि पहिल्या दिवशी ते पायावर सोडलं.

घरात बसून तो मामीच्या डोक्यावर बसायला लागला, म्हणून मामीच त्याला रोज सभागृहात पाठवायची. तिथे तो बाकावर बसून बघायचा. बघता बघता एकदा त्याला वाटलं की खुंट्यांचे बोल्ट जरा ढिले आहेत. डावा हात मोकळाच होता. सभागृहवाले दर ऋतूला खुंट्या काढून नव्या जागी लावतात, म्हणजे चढायची वाट बदलते. त्या वेळी मात्र कोपऱ्यातली एक वाट कोणाला हलवता आली नाही. ती आजही तशीच आहे आणि तिला मामाची वाट म्हणतात.

पालबाईंनी त्याला घरचा अभ्यास दिला. अंडं हातात धरायचं, हात सरळ पुढे करायचा आणि घरभर फिरायचं. फुटता कामा नये, पडता कामा नये. लागेल तेवढंच धरायचं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरी दोन्ही वेळेला आम्लेट होतं. मामीने शेवटी उकडलेली अंडी द्यायला सुरुवात केली, तर मामाने त्यांचाही भुगा केला. पण तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा तो कच्चं अंडं घेऊन दारापर्यंत आला आणि ते न फोडता दुसऱ्या हाताने मला दार उघडलं. मला उगाचच भरून आलं.

"बाई सारखं सांगतात, हात सैल सोडा, हात सैल सोडा," मामा मला म्हणाला.

"मी हे लग्न झाल्यापासून सांगते आहे," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली. "पण माझं वेगळ्या बाबतीत होतं."

याच सुमारास मला चढाई न करणाऱ्या बायका तपासायला हव्या होत्या, तुलनेसाठी. मामीला विचारलं. ती आधी लाजली, मग चांगले कपडे करून आली. तिने ठोक्याची चाचणी अशी दिली की मी पट्टी सोडून पुन्हा बांधली, चुकीची बसली असेल म्हणून. पट्टी बरोबर होती. मामीची रेषा प्रत्येक वेळी जवळजवळ पालबाईंसारखी वर उसळत होती. कशामुळे, ते मी ठामपणे सांगू शकत नाही, काही माणसं जन्मतःच अशी असतात. मामीला मात्र शंका नव्हती.

"ह्यांनी लावलेली झाकणं उघडून बघ इतकी वर्षं," ती म्हणाली. "उघडत नाहीतच, पण हार कुठे मानता येते. जरा जोर लावायचा, हात झटकायचा, जरा श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा."

मामा हे शेजारीच उभा राहून ऐकत होता. रात्री जेवताना एकदम हसायला लागला, असं मामीने सांगितलं. घास घशात अडकला, पाठीवर थापा मारायला लागल्या.

पुढे कोपर शांत झाला, डॉक्टरांनी जोर न लावता काय हवं ते करा अशी परवानगी दिली, आणि मामा पुन्हा भिंतीवर गेला. आता बाईंच्या कमरेला वाळूची पिशवी बांधलेली असे. तो सावकाश चढायला शिकला. हात सरळ, वजन पायांवर. बरी खुंटी मिळाली की एक हात सोडून खाली लोंबता ठेवायचा, झटकायचा, रक्त येऊ द्यायचं, मग दुसरा. सोप्या वाटा जमायला लागल्या. अवघड वाटेवर मात्र जुनी खोड उसळायची. भीती वाटली की मूठ आवळायची, आवळली की हात भरायचे, भरले की पडायचा.

मग तो रविवार आला. सभागृहवाल्यांनी सकाळी बाहेरच्या लोकांसाठी दारं उघडी ठेवली होती. लहान मुलं, आईबाप, भिंतीपाशी गर्दी. मामा बाकावर चहा पीत होता आणि एका पोराच्या बापाला अंड्याचा व्यायाम समजावत होता. तेवढ्यात वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. गोदामाच्या काळातला आग विझवायचा पाइप छताखालून गेलेला आहे, त्याचा सांधा सुटला होता. पाण्याचा पडदाच खाली आला. मुलं आधी खूश झाली. पण पाणी भिंतीवरून ओघळत कोपऱ्यातल्या विजेच्या पेटीकडे निघालं तसे मोठ्या माणसांचे चेहरे बदलले. व्यवस्थापकाने धावत जाऊन वीज बंद केली, मुलांना बाहेर काढलं.

मामा तोवर अंगणातल्या मुख्य व्हॉल्व्हपाशी पोचला होता. व्हॉल्व्हची मूठ नुसतीच गोल गोल फिरत होती आणि पाणी चालूच, आतली दांडी कधीच तुटलेली. दुसरा व्हॉल्व्ह थेट छताखाली, भिंतीच्या माथ्याजवळ, डाव्या कोपऱ्यात. शिडी होती, पण खाली पडणाऱ्यांसाठी अंथरलेल्या जाड गाद्यांवर तिचे पाय ठरेनात, आणि ती तिथवर पोचतही नव्हती. तिथला सगळ्यात चपळ पोरगा पाना घेऊन सरसर वर गेला. पाना लावला, ओढला, लोंबकळला. व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही. तो भिजून, हात भरून खाली आला आणि त्याने पाना मामाकडे दिला.

मामाने पाना दोरीने कमरेला बांधला. मी म्हटलं, मामा, कोपर. तो म्हणाला, हो, आहे माझ्या लक्षात. पालबाईंनी वाळूची पिशवी तपासली, मला मागे उभं केलं आणि त्यांचा पट्टा धरून ठेवायला सांगितलं.

अडचण अशी होती की वरचा दोर अडकवलेला होता मधोमध आणि व्हॉल्व्ह होता बाजूला. मामाने दोन्ही हात सोडले असते तर तो पडला नसता, पण घड्याळाच्या लंबकासारखा व्हॉल्व्हपासून लांब गेला असता. म्हणजे एका हाताने भिंत धरायची आणि दुसऱ्याने काम करायचं. वर खुंट्या ओल्या.

अर्ध्यापर्यंत तो छान गेला. मग पाण्याचा झोत तोंडावर आला आणि तो थांबला. बोटांची पेरं पुन्हा पांढरी पडायला लागलेली मी पाहिली. माझ्या हातातला बाईंचा पट्टा मी नकळत तसाच आवळला होता. सभागृहात नुसता पाण्याचा आवाज.

पालबाई ओरडल्या नाहीत. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "मामा, डावा हात सोडा."

तो हलला नाही.

"पाय भक्कम आहेत तुमचे. डावा सोडा."

मामाने डावा हात सोडला. तो हात खाली लोंबत राहिला, पाणी बोटांवरून टपकत होतं. त्याने तो झटकला, पुन्हा लोंबू दिला. मग भिंत धरली आणि उजवा सोडला. मला तेव्हा लाल उजेडाच्या पट्टीची गरज नव्हती, त्याच्या खांद्यावरूनच कळत होतं की रक्त परत येतं आहे. थोड्या वेळाने तो पुढे सरकला, अगदी हळू, आणि कोपऱ्यात पोचला.

पाना लागला. पहिल्या ओढीला काही झालं नाही. त्याने हात बदलला, सोडलेला हात झटकला, पुन्हा लावला. असं तीनदा की चारदा. मग वरून एक कुरकुर ऐकू आली, म्हाताऱ्या दारासारखी, आणि पाना हलला. पाण्याचा पडदा विरळ झाला, त्याच्या धारा झाल्या, धारांचे थेंब झाले. आता मी मामाला ओळखते. अजून दोन आटे तो फिरवणार, व्हॉल्व्हचा जीव जाईपर्यंत आवळणार, याबद्दल मला खात्री होती. पण पाणी थांबलं तेव्हा तोही थांबला. पाना काढला, कमरेला सोडला, दोन्ही हात मोकळे केले आणि दोरावर झोका घेत मध्यभागी आला. बाईंनी त्याला हळूहळू खाली घेतलं.

लोक टाळ्या वाजवत होते. मामाने चेहरा पुसला, व्यवस्थापकाकडे गेला आणि त्याला सांगितलं की सांधा बदलावा लागेल, अंगणातला व्हॉल्व्ह तर आधी बदला. मग बाकावर जाऊन आपला चहा शोधला. त्यात वरून पडलेलं पाणी भरलं होतं. मामी कोपऱ्यात उभी होती, ती केव्हा आली होती मला कळलंच नव्हतं. तिने आपला पदर न बघताच त्याच्या डोक्यावर टाकला आणि केस खसाखसा पुसले, लहान मुलाचे पुसतात तसे. मामा भर सभेत निमूट पुसून घेत उभा राहिला.

वर्षअखेरीस मी त्याची पुन्हा तपासणी केली. एकदम जोर लावायच्या चाचणीत आकडा आधीपेक्षा किंचित कमी आला, ठोक्याच्या चाचणीत मात्र तो दुपटीने टिकला. पहिल्या आकड्याचं त्याला वाईट वाटलं, हे तो लपवत नव्हता. मी माझा निबंध लिहिला तेव्हा त्यात आपलं नाव कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. अशा लेखनात नावं देत नाहीत, नुसतं 'एक पुरुष, व्यवसाय नळकाम' असं आहे, हे मी त्याला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. निदान 'अनुभवी' तरी घालायचं, म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात पालबाई सगळ्यांना गावाबाहेरच्या खऱ्या खडकावर घेऊन गेल्या. फार मोठा नव्हे, दोन मजली घराएवढा. खऱ्या दगडाला रंगीत खुंट्या नसतात. मामा बराच वेळ त्याच्यावरून नुसते हात फिरवत होता. मग चढायला लागला. दोनदा घसरला, गुडघा सोलला, एका फटीत बोटं घालून हात झटकत इतका वेळ थांबला की खाली आमची जेवणं उरकली. शेवटी माथ्यावर हात टेकले आणि पोट घासत वर गेला.

वर दोन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मामी बसली होती, चहाचा थर्मास घेऊन. पलीकडच्या बाजूने गवतातून छान पायवाट होती, त्या वाटेने त्या तिघी चालत आल्या होत्या.

"अहो, इकडून रस्ता आहे की," मामी म्हणाली.

मामा धापा टाकत तिच्याजवळ बसला. पकड घसरू नये म्हणून चढणारे हाताला खडूची पूड चोळतात, ती त्याच्या हातावरची पूड एका शेळीने चाटायला सुरुवात केली, त्याने चाटू दिली.

"हो," तो म्हणाला, "दिसला मला." आणि मोकळ्या हाताने कप पुढे केला.